नोंदवलेल्या गाडीची वाट पाहताना : कोल्हापूरकरांचे अनुभव

२०२१ च्या दसऱ्याला मी मोटार नोंदवली आणि ती दारात आली २०२२ च्या श्रावणात. मधल्या दहा महिन्यांत शोरूममधून मला सात वेगवेगळ्या तारखा सांगण्यात आल्या. पावतीच्या मागे ‘गाडी ताब्यात देण्याच्या दिवशीची किंमत लागू राहील’ अशी अट बारीक अक्षरांत छापलेली होती आणि सही करताना मी ती वाचली नव्हती. तेवढ्या काळात किंमत दोनदा वाढली व वाढीव रक्कम मला भरावी लागली. मात्र पैशांपेक्षा अधिक त्रास झाला तो खरे काय ते न कळण्याचा. म्हणून कोल्हापूर आणि परिसरातील ज्यांनी कारखान्यातून येणाऱ्या गाडीची अशी वाट पाहिली आहे किंवा आजही पाहत आहेत, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही मनापासून विनंती.

राजारामपुरी, शिक्षिका

‘पाडव्याला गाडी दारात उभी असेल’ असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले होते. त्या भरवशावर २०२२ च्या मार्चमध्ये आम्ही जुनी गाडी विकून टाकली. त्याच महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि आठवड्यातून तीन वेळा त्यांना व्यायामोपचारासाठी नेताना रिक्षाच्या पायरीवर पाय ठेवणे त्यांना किती जड जात होते, हे मी दर वेळी पाहत होते. पाडवा गेला, अक्षय्य तृतीयाही गेली. बँकेने मंजूर केलेल्या कर्जाची मुदत संपली. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ४.४० टक्क्यांवर नेलेला असल्यामुळे नव्या मंजुरीत व्याजही वाढले. गाडी अखेर जुलैत आली, तेव्हा सासूबाई काठीशिवाय चालू लागल्या होत्या.

या साऱ्यातून मी शिकले ते एवढेच की, ठरावीक चासी नंबरची (सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाची) गाडी आपल्या नावावर लागेपर्यंत, म्हणजे शोरूमच्या भाषेत ‘अलॉटमेंट’ होईपर्यंत, सांगितलेली प्रत्येक तारीख हा केवळ अंदाज असतो. चासी नंबर लेखी हाती आल्याशिवाय जुनी गाडी विकू नये, असे मी आता प्रत्येकाला कळकळीने सांगते.

शिरोली औद्योगिक वसाहत, फाउंड्रीचालक

वरच्या ताईंचा अनुभव वाचून मन हेलावले, कारण त्याच महिन्यांत मी या साखळीच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो. आमच्याकडे मोटारींसाठी ब्रेक ड्रम आणि बेअरिंग कॅपची कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, होतात. २०२० च्या टाळेबंदीत वाहन कंपन्यांनी गाडीतील इलेक्ट्रॉनिक यंत्रणांना लागणाऱ्या चिपच्या मागण्या रद्द केल्या. घरून काम आणि ऑनलाइन शाळा सुरू झाल्यामुळे चिप बनवण्याची क्षमता लॅपटॉप व मोबाइलकडे वळली, आणि वाहनांची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परतली तेव्हा चिप शिल्लक नव्हत्या. मार्च २०२१ मध्ये जपानमधील रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. ही कंपनी वाहनांच्या चिपची मोठी पुरवठादार असल्याने तुटवडा आणखी तीव्र झाला. चिपची एक खेप तयार होऊन बाहेर पडण्यास तीन-चार महिने लागतात. त्यामुळे आमच्यासारखी एखादी जादा पाळी लावून ती तूट भरून काढण्याची सोय तेथे नसते.

याचा परिणाम शिरोलीत कसा दिसला, ते सांगतो. महिन्याच्या सुरुवातीला ग्राहक कंपनीकडून आलेले शेड्यूल, म्हणजे किती माल कधी हवा याचा तक्ता, पंधरवड्यात निम्म्यावर येत असे. तोपर्यंत साचे भरून लोखंड ओतलेले असायचे. तयार कास्टिंग उचलले जात नव्हते, आणि पावसाळ्याच्या दमट हवेत त्यावर गंज चढू नये म्हणून आम्ही त्याला तेल लावून, ताडपत्रीखाली रचून ठेवत होतो. भट्टी बंद ठेवली तरी विजेचा डिमांड चार्ज (मंजूर भारासाठीचा ठरावीक आकार) चुकत नाही, आणि कामगारांचा ओव्हरटाइम बंद झाला की त्यांच्या घरचा हिशेब कोलमडतो. जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक थांबली, तेव्हा ज्या थोड्या मालाला मागणी होती तोही अडकला.

याच काळात मी स्वतः एक गाडी नोंदवली होती. ती साडेसात महिने आली नाही. ज्या चिपच्या अभावी माझी गाडी कारखान्यात अडली होती, त्याच चिपच्या अभावी माझ्या आवारात ब्रेक ड्रमचे ढीग पडून होते, आणि रोज सकाळी आवारात शिरताना हे माझ्या डोळ्यांसमोर असायचे. शोरूममधील विक्री प्रतिनिधीवर मी एकदाही आवाज चढवला नाही. मलाच माझ्या ग्राहकाकडून पुढच्या आठवड्याचे शेड्यूल कळत नसताना त्या मुलाला नेमकी तारीख कोठून कळणार होती? माझी तक्रार एवढीच आहे की, ‘आम्हाला माहीत नाही’ असे सांगण्याची मुभा त्याला कोणी दिली नव्हती.

गडहिंग्लज

आमची गाडी वेळेवर आली, पण रिमोटची किल्ली एकच मिळाली. दुसरी साधी किल्ली देऊन, चिप आल्यावर बदलून देऊ, असे सांगण्यात आले. बाकी राहिलेल्या वस्तूंची नोंद मी डिलिव्हरीच्या कागदावरच शिक्क्यासह करून घेतली होती, त्यामुळे पाच महिन्यांनी रिमोट वादाविना मिळाला.

उजळाईवाडी, विद्यापीठातील विद्यार्थिनी

मी २०२५ च्या जूनमध्ये विजेवर चालणारी स्कूटर नोंदवली. त्या वर्षी एप्रिलपासून चीनने दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) धातूंपासून बनणाऱ्या शक्तिशाली चुंबकांच्या निर्यातीसाठी परवाना बंधनकारक केला होता, आणि स्कूटरच्या मोटरमध्ये हीच चुंबके लागतात. त्यामुळे माझी स्कूटर लांबत गेली. शिवाजी विद्यापीठात जाण्यासाठी बाबांनी शिल्लक टाकून स्कूटरचे पैसे भरले होते, म्हणून प्रत्येक महिन्याला त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटत असे. २२ सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल मोटारींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या शेजारच्या काकांना उशिराचा फायदाच झाला, कारण ताब्याच्या दिवशीची किंमत त्यांना लागू झाली. विजेच्या वाहनांवरील कर आधीपासूनच ५ टक्के असल्याने माझ्या किमतीत फरक पडला नाही. स्कूटर दिवाळीनंतर आली. पहिल्या दिवशी बाबांना मागे बसवून मी अंबाबाईच्या दर्शनाला नेले.

ताराबाई पार्क

माझी गाडी अलॉट झाल्याचा निरोप जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आला, पण ती डिसेंबरमध्ये तयार झालेली होती. नोंदणी प्रमाणपत्रावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते, आणि पुढे गाडी विकताना घेणारा तेच आधी पाहतो. सात महिने थांबलेल्या माणसाला समोर उभी असलेली गाडी नाकारणे फार कठीण जाते. पत्नीने बाजू लावून धरली म्हणून आम्ही नव्या वर्षातील गाडीची मागणी लेखी दिली आणि आणखी पाच आठवडे थांबलो.

कागल

मी आज, हे लिहीत असताना, सहाव्या महिन्यात आहे. राजारामपुरीच्या ताईंचा सल्ला वाचून काल शोरूमला जाऊन अलॉटमेंटची स्थिती लेखी मागितली. ‘शनिवारी देतो’ असे उत्तर मिळाले आहे. कागद हाती आला की त्यात काय लिहिले आहे, ते येथे कळवतो.