महिन्याभरात संपवलेली चार पुस्तकं : मराठीतलं अस्सल गद्य कादंबरीत आहे की आठवणींत?

ओसरी :

गेल्या महिन्यात चार पुस्तकं वाचून संपवली. अधलंमधलं एकही पान गाळलं नाही. विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास', लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे', बेबी कांबळे यांचं 'जिणं आमचं' आणि व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. तीन आठवणींची, एक कादंबरी. बँकेतून आल्यावर, जेवणं आवरून, रात्री साडेनऊ ते अकरा एवढाच वेळ माझा असतो. तो या चौघांना दिला.

'माझा प्रवास' हातात घेतलं त्याचं कारण घरगुती आहे. गोडसे भटजींचं वरसई आमच्या पेण तालुक्यातलं. घरावर कर्ज, म्हणून हा भिक्षुक माणूस काकांबरोबर 1857 साली उत्तरेकडे निघतो. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढीच आशा. आणि सापडतो बंडात. झाशी पडली तेव्हा तो शहरातच होता. पण मला धरून ठेवलं ते विहिरीच्या प्रसंगानं. लढाईतून निसटलेली राणी तहानलेली येते. भटजी पाणी शेंदायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही मला पाणी काढून देऊ नका, मीच काढते. आणि स्वतः दोर ओढते. एवढ्या मोठ्या युद्धातून माझ्यापाशी उरली ती दोर ओढणारी बाई.

लक्ष्मीबाई टिळकांबद्दल काय लिहू! 1895 साली नवरा ख्रिस्ती झाला, आणि पुढची काही वर्षं ही बाई त्याच्यापासून दूर राहिली, नातेवाइकांच्या घरी, जीव टांगणीला लावून. हे सगळं ती सांगते, पण कुठेही स्वतःची कीव करत नाही. मूळात हे लिखाण पुस्तक म्हणून सुरूच झालं नव्हतं. मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, त्याला आठवणी हव्या होत्या. बेबीताईंचं तर त्याहून अवघड. फलटणला छोटं किराणा दुकान, पुड्या बांधायला आलेली रद्दी वाचायची, आणि लिहिलेलं घरच्यांपासून लपवून ठेवायचं. ही लपवाछपवी वर्षानुवर्षं चालली. पुस्तक आलं 1986 साली.

मग 'बनगरवाडी' वाचली. आवडली. पण या तिघांनंतर वाचल्यामुळे असेल, पानोपानी लेखकाचा हात दिसत राहिला. मास्तरला कुठे एकटं सोडायचं, दुष्काळ कुठे आणायचा, हे कुणीतरी ठरवलंय असं वाटत राहिलं.

म्हणून माझं मत मांडते : मराठी गद्याची खरी ताकद आत्मकथनांत आहे, कादंबरीत नाही. जे स्वतःला लेखक समजत नव्हते त्यांनीच आपल्या भाषेतलं सर्वांत जिवंत गद्य लिहिलं. पटत नसेल तर मोकळेपणानं लिहा.

काळी माती :

ताई, पटत नाही. अजिबात नाही.

मी अमरावती जिल्ह्यात शाळामास्तर आहे. 'बनगरवाडी'तला तो शेकू आठवतो ना? त्याच्याकडे एकच बैल. दुसरा कुणी देत नाही आणि पेरणी तर थांबत नाही. मग त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जागी जुंपून घेते. हे पान मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवलं. वर्ग गप्प. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्या घरी डवरणीले मायनं डवरं वढलं होतं." (डवरं म्हणजे पिकातलं तण काढायचं, बैलांनी ओढायचं अवजार.) आणि खाली बसली. तिला कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि तिनंही कधी सांगितलं नव्हतं. एका कादंबरीनं ते तिच्या तोंडून काढलं. आता सांगा, इथे लेखकाचा हात दिसल्यानं काय बिघडलं?

दुसरं. तुम्ही म्हणता, आठवणी लिहिणाऱ्यांचं गद्य जिवंत. पण ज्यांना लिहिताच येत नाही, ज्यांच्या हातून कधीच काही लिहून होणार नाही, त्यांचं काय? उद्धव शेळक्यांची 'धग' वाचा. 1960 ची कादंबरी. शिंप्याची बायको कौतिक, नवरा महादेव कामाला टेकत नाही, पुढे त्याला महारोग होतो, आणि ही बाई वावरातल्या मजुरीवर संसार ओढत राहते. शेवटी तीच संपते. कौतिकनं आत्मकथन लिहिलं असतं? तिला तेवढा वेळ कुणी दिला असता? माझ्या आईला मी 'धग' वाचून दाखवली. तिला अक्षरओळख नव्हती. दोन प्रकरणं झाल्यावर म्हणाली, "हे तं आपल्याच घरचं हाय." वऱ्हाडी बोली छापील पुस्तकात असू शकते हे तिला त्या दिवशी कळलं. कादंबरीचं काम हेच आहे. जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसायचं.

गोदाघाट :

मी ओसरी ताईंच्या बाजूनं. मराठी गद्याची सुरुवातच आठवणींनी झाली आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे श्रीचक्रधर गेल्यानंतर त्यांचे अनुयायी म्हाइंभट माणसामाणसांकडे फिरले, कुणी काय पाहिलं, कुणी काय ऐकलं ते गोळा केलं, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं आणि 'लीळाचरित्र' लिहिलं. त्या बारीक बारीक लीळा वाचताना आजही माणसं उठून समोर येतात. कोण कुठे बसलं होतं, काय खाल्लं, काय विचारलं. कादंबरी आपल्याकडे आली ती एकोणिसाव्या शतकात, बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून, 1857 साली. म्हणजे गोडसे भटजी घरातून निघाले त्याच वर्षी! एकीकडे जवळजवळ साडेसातशे वर्षांची सवय, दुसरीकडे पावणेदोनशे. फरक पडणारच.

शाईची दौत :

सवय जुनी म्हणून ती श्रेष्ठ, हे काही मला समजलं नाही. पण माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो धागाकर्तीनं मनावर घ्यावा अशी विनंती.

ताई, तुम्ही 'माझा प्रवास'ची कोणती आवृत्ती वाचलीत? भटजींनी हे लिहिलं ते प्रवासानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, इतिहासलेखक चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी ते 1907 साली छापलं ते आपला हात फिरवून. भाषा सारखी केली, काही मजकूर गाळला. भटजींनी लिहिलं होतं तसं पुस्तक वाचकांना मिळालं ते थेट 1966 साली, दत्तो वामन पोतदारांमुळे. मधली जवळजवळ साठ वर्षं लोक ज्याला भटजींचं गद्य म्हणत होते त्यात वैद्यांची लेखणीही होती. म्हणजे संस्कार इथेही झालाच. तुम्हाला 'बनगरवाडी'त लेखकाचा हात दिसला. मग इथे संपादकाचा का दिसला नाही?

विहिरीचा प्रसंग मलाही फार जवळचा आहे. राणी त्या वेळी भटजींना म्हणते, मी अर्धा शेर तांदळाची धनीण. हे वाक्य मी विसरू शकत नाही. पण पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलेलं संभाषण शब्द न् शब्द तसंच असेल? काय ठेवायचं, काय सोडायचं, हे भटजींच्या मनानंही निवडलंच असणार. आणि निवडलं की रचना आली.

निळी वही :

सगळे प्रतिसाद वाचले. माझी तक्रार दोन्ही बाजूंबद्दल आहे, आणि ती मनापासून आहे.

"जे स्वतःला लेखक समजत नव्हते" हे वाक्य मला टोचलं. बेबी कांबळे सहज बोलत गेल्या आणि पुस्तक झालं, असं नाही. 'जिणं आमचं' पुन्हा उघडून पाहा. त्यात 'मी' किती कमी आहे आणि 'आम्ही' किती. स्वतःच्या नवऱ्याबद्दल, स्वतःच्या लग्नाबद्दल त्या फारसं बोलत नाहीत. वीरगावातली आषाढातली गडबड, अंगात येणं, भुकेनं कळवळणाऱ्या बाळंतिणी, सासुरवास, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दानं झालेला बदल. सगळा महारवाडा बोलतो. हा त्यांनी विचार करून घेतलेला निर्णय आहे. त्याला 'जिवंत' म्हणून पाठ थोपटायची आणि 'कारागिरी' हा शब्द कादंबरीकारासाठी राखून ठेवायचा, हे मला मान्य नाही. 'बलुतं' घ्या. 1978 साली दया पवारांनी ते लिहिलं ते दगडू पवार हा दया पवारला आपली कहाणी सांगतोय अशा रचनेत. शिकून पांढरपेशा झालेला माणूस आणि मागे राहिलेला माणूस, एकाच देहात दोघं. एवढी अवघड रचना करणारा स्वतःला लेखक समजत नव्हता असं म्हणायचं का?

काळी माती सर, "जो स्वतः बोलू शकत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसायचं" हे वाक्य चांगलं आहे. पण आमच्या शेजारी बरेच जण बसून गेले. आम्ही स्वतः बोलायला लागलो तेव्हाच खरं काय ते बाहेर आलं. 'धग'बद्दल मला आदर आहे. तरीही हा फरक राहणारच.

ओसरी :

निळी वही, तुमचं म्हणणं वाचून मी 'जिणं आमचं' पुन्हा काढलं. खरं आहे. 'आम्ही'कडे माझं लक्षच गेलं नव्हतं. मी ते ओघात वाचत गेले आणि ओघ म्हणजे सहजपणा समजले. ते वाक्य मी मागे घेते.

दौत, मी वाचली ती वाचनालयातली जुनी प्रत, मुखपृष्ठ गेलेली. वैद्यांचीच असावी, कारण पोतदारांचं नाव कुठे दिसलं नाही. आता मूळ पाठ मिळवून दोन्ही शेजारी ठेवून वाचणार आहे. झाशीची प्रकरणं आधी.

पण मूळ मतावर मी अजून आहे. लक्ष्मीबाई टिळकांचे वडील बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घेत, इतकं त्यांचं सोवळं कडक. आजोबांना बंडाच्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिलं तेव्हापासून वडिलांच्या डोक्यात हे सोवळं शिरलं. कुणा कादंबरीकारानं हे रचलं असतं तर आपण म्हटलं असतं, फार झालं. इथे म्हणता येत नाही, कारण घडलेलं आहे. आणि त्याच घरात वाढलेली मुलगी पुढे एका रात्री जागून विचार करते, जात माणसानं केली की देवानं, आणि तिथून पुढे कुणाच्याही हातचं खायला तयार होते. दोन टोकं एकाच आयुष्यात. कादंबरीत मला हे कुणीतरी सांगतंय असं वाटलं असतं. इथे पुरावा मिळतो.

काळी माती :

ताई, "घडलेलं आहे म्हणून पटतं" हाच तर आपला वाद. माझ्या वर्गातल्या त्या मुलीला शेकूची बायको खरी की खोटी हा प्रश्न पडलाच नाही. तिला तिची माय दिसली.

निळी वही, तुमचं बोलणं लागलं. शेजारी बसणारा आणि स्वतः बोलणारा यांत फरक आहेच. एवढंच सांगतो : माझी आई शेवटपर्यंत निरक्षर राहिली. तिच्या वाट्याला शेजारी बसणाराच आला, आणि तो नीट बसला.

ओसरी :

सर, 'धग' आमच्या वाचनालयात नाही. पेण-पनवेलकडे कुणाकडे प्रत असेल तर पंधरा दिवसांसाठी हवी आहे. वऱ्हाडी कानावर नाही, तेव्हा आधी मोठ्यानं वाचून पाहीन. सासूबाई ऐकायला बसतील.

शाईची दौत :

माझ्याकडे आहे, पनवेललाच. बांधणी सुटली आहे, पण पानं पूर्ण आहेत. वाचून झाल्यावर कौतिकबद्दल इथेच लिहा, आणि भटजींचे दोन्ही पाठ ताडून पाहिलेत की विहिरीच्या प्रसंगात वैद्यांनी काय बदललं तेही.