फ्रॉइडचं नाव सगळ्यांना, पण बेळगाव सीमाभागातल्या घरात कामाला येतो रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉत्स्की. पटतंय का?

खानापूरचे मास्तर

नातू साडेचार वर्षांचा. रविवारी लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचत होता आणि एकटाच बडबडत होता. "हा वर... नको नको, पडंल... हां, बस तिथंच." मनोरा कलला की बडबड वाढायची, नीट बसला की गप्प. मी खोलीत होतो, पण माझ्याशी काही ते बोलणं चाललं नव्हतं.

धागा काढण्याचं कारण म्हणजे त्याच्या शाळेतून (इंग्रजी माध्यम, नाव घेत नाही) सुनेला निरोप आलाय, की घरी मराठी बंद करा, मुलाचा गोंधळ उडतो. तेव्हापासून ती जेवायला हाक मारताना 'कम, ईट' म्हणते.

मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या स्विस पियाजेने १९२३ मध्ये अशा बोलण्याला स्वकेंद्री म्हटलं. लहान मुलाला दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करता येत नाही म्हणून ते असं बोलतं, मोठं झालं की ते विरून जातं, असा त्याचा हिशेब. वायगॉत्स्कीने उलटं मांडलं. त्याने मुलांना चित्रं काढायला बसवलं आणि हवी तीच पेन्सिल मिळणार नाही अशी सोय केली. अडलं की मुलांचं स्वतःशी बोलणं जवळपास दुप्पट व्हायचं. एका पोराला निळी सापडेना, तर म्हणाला, राहू दे, लालने काढतो, पाणी लावतो, गडद होऊन निळ्यासारखं दिसेल. म्हणजे बडबडीतूनच त्याने वाट काढली. वायगॉत्स्कीच्या मते हे बोलणं विरत नाही, आत जातं, आणि पुढे मनातल्या मनात चालू राहतं. माणूस क्षयाने १९३४ साली गेला, वय फक्त ३७. त्याचं 'विचार आणि भाषा' त्यानंतर छापलं गेलं.

स्वप्नं, दडपलेल्या इच्छा हे फ्रॉइडचं सगळं मान्य. पण त्या शाळेतल्या बाईंना द्यायला त्याच्याकडे उत्तर नाही. पोरगा ज्या भाषेत मनोरा सावरतो ती काढून घेतली, तर सावरणार कशानं?

शहापूरची अक्का

मास्तर, पेन्शन चालू आहे म्हणून तुम्हाला वायगॉत्स्की सुचतोय. माझा मुलगा मराठी शाळेत दहावी झाला, चांगले मार्क पडले. पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला गेला आणि सगळं इंग्रजीत. सहा महिने वर्गात हात वर केला नाही. घरी येऊन म्हणायचा, "उत्तर येतं गं, शब्द येत नाही." त्याच्या आतल्या भाषेचं मी तेव्हा लोणचं घालायचं होतं काय? वर सरकारी नोकरीला कन्नड पाहिजेच. तुमच्या सुनेला नावं ठेवण्याआधी तिची भीती बघा.

निपाणी वखारवाला

तुम्ही लोक लई खोल जाताय. बोलल्यावर शाबासकी मिळाली तर पोरगं बोलतंय, हसू झालं की गप्प बसतंय. अमेरिकेतल्या स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर हेच दाखवलं. आमचे वडील तंबाखूच्या वखारीत तीन भाषांत सौदा करायचे. शिक्षण चौथी. कुणी मानसशास्त्र शिकवलं नव्हतं.

खानापूरचे मास्तर

आणि हिशेब मनात कुठल्या भाषेत करायचे?

निपाणी वखारवाला

मराठीतच. पावकी-दिडकी पाठ होती. खरं त्यानं स्किनर खोटा ठरत नाही.

टिळकवाडीकर

दोघांच्या मधलं बोलतो. 'दोन भाषांनी पोरं मागे पडतात' हा समज जुन्या चाचण्यांतून आला. त्यात कितीदा तरी मुलांच्या घरची परिस्थिती लक्षातच घेतलेली नसायची. १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या माँट्रियलमध्ये दहा वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला, सामाजिक स्तर जुळवून. फ्रेंच-इंग्रजी दोन्ही येणारी मुलं पुढे निघाली.

पण लॅम्बर्टचं मला जास्त लागलेलं काम १९६० चं आहे. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाकडून एकच उतारा फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत वाचून घेतला. ऐकणाऱ्यांना वाटलं माणसं वेगवेगळी. इंग्रजी आवाजाचा माणूस म्हणे जास्त उंच, हुशार, भरवशाचा. इंग्रजांनी असं म्हटलं तर समजू शकतो. पण फ्रेंच विद्यार्थ्यांनीही बहुतेक बाबतीत आपल्याच भाषेतल्या आवाजाला कमी लेखलं!

पुण्याहून फोन आला की मी 'करायलोय' सोडून 'करतोय' वर येतो. 'पण' च्या जागी तोंडात आलेलं 'खरं' गिळतो. कुणी सांगितलेलं नाही. त्या बाईंना मुलाचा गोंधळ दिसत नाहीये, त्यांना मराठी उतरलेली दिसतेय.

शहापूरची अक्का

माँट्रियलची ती मुलं दोन्ही भाषा सारख्या येणारीच निवडली होती ना? मग दोन भाषांमुळे हुशार झाली, की हुशार होती म्हणून दोन्ही आल्या?

टिळकवाडीकर

बरोबर पकडलंत. हाच आक्षेप त्या अभ्यासावर घेतला गेला. पुढे लॅम्बर्टनेच फरक केला: दुसरी भाषा पहिलीत भर घालते की पहिलीची जागा खाते. 'घरी बंद करा' हे दुसऱ्या जातीचं.

हिंडलगा

मन म्हणजे एकट्याचं डोकं धरून बसलाय सगळे. गटांचं मानसशास्त्र मांडणारा मुझफ्फर शेरीफ वाचा. १९५४, अमेरिकेतलं ओक्लाहोमा, पोरांची उन्हाळी छावणी, २२ पोरं, दोन गट. स्पर्धा लावल्या आणि थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळले. १ नोव्हेंबर (एकाचा राज्योत्सव, दुसऱ्याचा काळा दिन) जवळ आला की आपल्याकडं काय होतं ते मी लिहीत नाही. मग त्या छावणीत पाण्याची लाईन बंद पडली (प्रयोगवाल्यांनीच पाडली) आणि दोन्ही गट एकत्र कामाला लागले. राकसकोप धरणाचं पाणी नाही आलं की टँकरपुढं आमच्या गल्लीत 'बर्री, नीवू मोदल' आणि 'या हो, तुम्ही आधी' एकाच रांगेत ऐकायला मिळतं. ('तुम्ही आधी' म्हणत घागर मात्र आपलीच पुढं!)

निपाणी वखारवाला

शेरीफची १९५३ ची छावणी सांगा की. पोरं भांडेचनात, प्रयोग गुंडाळावा लागला. भांडण लावायला मोठी माणसंच लागतात.

हिंडलगा

हे मान्य. नाव मात्र १९५४ च्याच छावणीला मिळालं.

खानापूरचे मास्तर

गाडी पाण्यावर गेली. अक्का, तुमच्या मुलाचं वाचून गप्प झालो होतो. इंग्रजी नको असं मी म्हणत नाही, मराठीच्या बदल्यात नको म्हणतोय. काल सून आमटीला फोडणी देत होती. मागे उभा होतो, तिला ठाऊक नव्हतं. स्वतःशीच म्हणाली, "मीठ घातलं का मी?" मराठीत.

शहापूरची अक्का

सुनेच्या मागं उभं राहून ऐकणं आधी बंद करा, मास्तर.