तळघरातली जिद्द आणि सोफ्यावरच्या टाळ्या

निशिगंधा:
काल सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलं: "युक्रेनच्या खार्किव शहरातली मुलं मेट्रो स्टेशनात बसून शिकतात, आणि आपली पोरं जरा पाऊस पडला की परीक्षा पुढे ढकला म्हणून मोर्चे काढतात. याला म्हणतात जिद्द!" खाली चाळीसेक नमस्कार. डोकं सटकलं, म्हणून इथे लिहितेय.

पहिलं म्हणजे मेट्रोतले ते वर्ग शाळेचे. दुसरं म्हणजे मी तिथे होते. फेब्रुवारी २०२२, रशियाचा हल्ला सुरू झालेला, मेडिकलचं तिसरं वर्ष, हॉस्टेलचं तळघर. गरम पाण्याच्या पाइपवर सगळ्यांचे ओले मोजे वाळत घातलेले, त्याच वासात झोपायचं. २ मार्चला भारतीय दूतावासाचा निरोप आला, संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, गाडी नसेल तर चालत निघा. शहराबाहेरच्या पिसोचिन गावापर्यंत चाललो. जिद्द कसली, दुसरा रस्ताच नव्हता.

घरी आल्यावर मार्चच्या मध्यात ऑनलाइन वर्ग सुरू झाले. पॅथॉलॉजीच्या बाई घराच्या पॅसेजमध्ये जमिनीवर बसून शिकवायच्या, डोक्यामागे कोट लटकलेले. बाहेरच्या आणि आपल्या मध्ये दोन भिंती हव्यात, हा तिकडचा नियम. एकदा बोलता बोलता थांबल्या, कान दिला, आणि म्हणाल्या, "पुढची स्लाइड." कशा आहात विचारलं की म्हणायच्या, आधी हजेरी. नाव घेतलं आणि उत्तर आलं नाही की सगळे गप्प. जिवंत कोण आहे त्याचीच मोजदाद चालायची.

मला समुपदेशनाचे तीन वेबिनार मिळाले. दीर्घ श्वास घ्या म्हणे. मला हवं होतं एकच: हे वर्ष धरणार की नाही? त्याचं उत्तर यायला सप्टेंबर उजाडला. तोवर आई रात्री उठून माझी खोली बघून जायची.

अण्णा_औसेकर:
ताई, सोसलंत ते खरं. पण काकांचं चुकलं काय? १९९३ च्या भूकंपानंतर मी पत्र्याच्या शेडमध्ये दहावी केली. किल्लारी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. समुपदेशक नव्हता, वेबिनार नव्हता. मास्तर सायकलवर यायचे, फळा झाडाला टेकवायचे. झालो ना उभे? हल्ली मुलांना 'कसं वाटतंय' विचारून विचारूनच आजारी पाडलंय.

भोवरा:
मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. तिकडे गेलात कशाला? नीटला मार्क नाहीत, मग बापाच्या पैशावर परदेश, आणि युद्ध झालं की सरकारने विमान पाठवायचं.

एक_बाप:
भोवरासाहेब, बापाचे पैसे म्हणता? इथे खासगी कॉलेजात कोटीच्या घरात जातं, तिकडे सगळं धरून पंचवीस-तीस लाखांत व्हायचं. मी एस.टी.त होतो, कोटी कुठून आणू? दोन एकर विकली. आणि पोरगं परत आलं तेव्हा २०२२ च्या सप्टेंबरमध्ये केंद्राने सुप्रीम कोर्टात काय सांगितलं? ही मुलं कमी गुणांमुळे किंवा स्वस्तात होतं म्हणून गेली, त्यांना इथल्या कॉलेजांत सामावता येणार नाही. काश्मीरच्या विस्थापितांच्या मुलांना महाराष्ट्राने जागा दिल्याच ना? तेव्हा कुणी मार्क विचारले नाहीत, आणि बरोबरच केलं.

भोवरा:
काश्मीर मध्ये आणू नका. ते हाकलले गेले होते, तुम्ही फी भरून गेलात.

एक_बाप:
बॉम्ब पडताना पावती बघून पडतो का हो?

(यापुढे फी, मॅनेजमेंट कोटा, आरक्षण यावर सत्तावीस प्रतिसाद. त्यातले चार संपादित.)

जुना_मास्तर:
फीवरून पुरे झालं असेल तर विषयावर येतो. पूर्व युक्रेनातल्या दोनेत्स्कचं विद्यापीठ २०१४ च्या लढाईत विन्नित्स्या शहरात हललं, हिरे घासण्याच्या जुन्या कारखान्यात वर्ग भरले. लुहान्स्कचं आधी स्तारोबिल्स्कला आणि २०२२ मध्ये तिथूनही उठून पोल्ताव्याला. दोनदा बिऱ्हाड हलवलं. अशा वेळी माणसं येतात, कागदांची कपाटं मागे राहतात. मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात बावीस वर्षं काढली. एक गुणपत्रिका हरवली तर मूल टेबलासमोर कसं उभं राहतं ते पाहिलंय. मानसिक स्वास्थ्य वगैरे नंतर, आधी नवा कागद द्या. पण अण्णा, तुमच्या मास्तरांनाही विचारा कधी. शिकवणाऱ्याचं घर उभं होतं का?

अण्णा_औसेकर:
नव्हतं. त्यांची मुलगी गेली त्यात. आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.
बरं, एक वेबिनार मंजूर. पण श्वासवाला नको.

निशिगंधा:
अण्णा, तुमच्या दहावीचा बोर्डाचा निकाल लागला होता ना? वर्ष धरलं होतं ना? मग तुमची आणि माझी तुलना तिथेच संपली. मी पुढे जॉर्जियात जाऊन पूर्ण केलं, डिग्री मात्र खार्किवचीच. बाई अजून तिथेच शिकवतात. २०२२ च्या ऑक्टोबरपासून वीजघरांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा वीज येण्याच्या वेळा बघून तास लावायच्या. दिवाळीला मेसेज केला तर उत्तर आलं, "इंटर्नशिप झाली का? तुझ्या वर्गातल्या दोघांचा पत्ता लागत नाही, तुझ्याकडे नंबर आहे का?"

भोवरा:
ते सगळं ठीक. पण जॉर्जियाची फी किती पडली?