मदत हवी आहे : डायफिनाइलफॉस्फीन + चाल्कोन, ईई (डाव्या-उजव्या आरसारूपांपैकी एकाचं आधिक्य) टिकत नाही

नमस्कार मंडळी. कायरल (डावं-उजवं रूप असलेला) पॅलेडियम पिन्सर उत्प्रेरक, म्हणजे धातूला चिमट्यासारखा धरणारा रेणू, वापरून चाल्कोनवर (एक असंतृप्त कीटोन) डायफिनाइलफॉस्फीनचं समावेशन करतोय. कायरल केंद्र कार्बनवर तयार होतं, फॉस्फरसवर नाही. पहिल्या खेपेला ईई ९१% आलं, मी खूश! नंतर तीच कृती करूनही ७८, मग ६४.

हवेचा संशय आधी आला, कारण हे फॉस्फीन ऑक्सिजन लागताच बिघडतं. पण फॉस्फरस-३१ एनएमआरमध्ये (फॉस्फरसचे अणू कोणत्या रूपात आहेत ते दाखवणारी चाचणी) उणे ४० पीपीएमजवळचं एकच शिखर दिसतं, म्हणजे कच्चा माल ठीक असावा. मग उत्प्रेरक न घालता नुसत्या ट्रायइथाइलअमाइनबरोबर करून पाहिलं, तर अभिक्रिया तशीही सरकते! ती वाट अर्थातच रेसेमिक, म्हणजे दोन्ही आरसारूपं सारखीच देणारी.

आता प्रश्न असा की आम्लारी (म्हणजे ट्रायइथाइलअमाइन) कमी करू, तापमान उतरवू, की फॉस्फीन थेंबथेंब सोडू? तयार झालेलं फॉस्फीन स्वतःच पॅलेडियमला चिकटून उत्प्रेरक अडवत असेल का? शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्साइड करून कायरल एचपीएलसीवर (आरसारूपं वेगळी करणारं यंत्र) ईई मोजतो. त्याआधी आम्लारीत रात्रभर राहिल्याने उलट मायकेल (जोडलेलं फॉस्फीन पुन्हा सुटणं) होऊन ईई घसरत असेल, अशीही शंका आहे. कुणी फॉस्फरस बोरेनने झाकून (बोरेन जोडून सुरक्षित करून) पाहिलंय का?