मदत हवी: शिबिर झालं, पण पोरांचा पहिलाच अर्ज परत आला

डोंगरपट्टा:
बीड जिल्हा, बालाघाटावरचं गाव. २२ पोरं-पोरी आहेत. मानवी हक्कांवर दोन दिवसांचं शिबिर घेतलं. संविधान, मानवी हक्कांचा जाहीरनामा, सगळं झालं. मग हंगामी वसतिगृहाबद्दल (आईबाप ऊसतोडीला गेले की मागं राहणाऱ्या लेकरांसाठीचं) माहिती अधिकारात अर्ज टाकला, तर ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं लिहून परत आला. आता पोरं म्हणायलेत, कायदा नुसता भिंतीवर लावायला हाय. पुढच्या शिबिरासाठी चांगला अभ्यासक्रम कुणाकडं असेल तर टाका. जरा लवकर.

तिफण:
अर्ज कुणाच्या नावानं? प्रश्न किती? सही कुणाची? शिबिर कोणत्या महिन्यात झालं?

डोंगरपट्टा:
अभ्यासक्रम मागितला मी. तहसीलदारांना केला. १४ प्रश्न. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलंय, त्यात चूक नाही.

कलम_सहा:
तिकीट बरोबर, बाकी गडबड. हंगामी वसतिगृह शिक्षण खात्याकडं, म्हणजे अर्ज गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला जायला हवा होता. तरी तहसीलनं तो परत करायचा नव्हता. कलम ६(३) प्रमाणे ५ दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडं वर्ग करून तुम्हाला कळवायचं असतं. पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा: अपिलाचा नमुना जोडपत्र ब, २० रुपयांचं तिकीट. अपील कुणाकडं करायचं ते त्याच पत्रात लिहिलेलं असायला हवं, कलम ७(८). नसेल तर तोही अपिलाचा मुद्दा.

तिफण:
अपिलाला ३० दिवस, लांबलं तर ४५. तोवर पट्टा पडायची, म्हणजे ऊसतोड संपायची वेळ येईल, वसतिगृहाचा हंगाम सरला. नवा अर्ज टाका सरळ. आणि १४ प्रश्न कशाला? महाराष्ट्राच्या नियमात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. एवढंच लिहा:

‘अमुक शाळेच्या हंगामी वसतिगृहाबाबत चालू शैक्षणिक वर्षातील (१) सर्वेक्षणात आढळलेल्या स्थलांतरित कुटुंबांतील बालकांची संख्या, (२) मंजुरी आदेशाची प्रत, (३) महिनावार हजेरीची बेरीज, (४) मिळालेला निधी व खर्चाच्या प्रमाणकांच्या प्रती.’

‘वसतिगृह का सुरू केलं नाही’ असं विचारू नका. कागदावर असेल तेच मिळतं. ‘का’ दिसला की ‘हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. लेकरांची नावंही मागू नका, कलम ८(१)(ञ) दाखवून वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतील. आकडा मागा.

कलम_सहा:
नवा अर्ज कराच, मी कुठं नाही म्हणालो? पण अपील सोडायचं नाही. हे प्रशिक्षण आहे ना? सुनावणीत समोर बसून दोन वाक्यं बोलायची सवय अपिलातच लागते. दोन्ही सोबत चालवता येतं.

तिफण:
पहिल्याच अर्जाला सुनावणीची तारीख-पे-तारीख दाखवली की उरलेली पोरंही जातील.

भारूडप्रेमी:
अर्जाफिर्जानं पोरं कंटाळतात हो. पथनाट्य बसवा. आमच्या भागात भारुडाला जेवढा गाव जमतो तेवढा ग्रामसभेला जमत नाही.

परीक्षार्थी२४:
जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ चा. पहिल्या कलमात ‘ऑल मेन’ होतं, ते हंसा मेहतांनी आग्रह धरून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ करून घेतलं. भारतात मानवी हक्क संरक्षण कायदा १९९३ चा. पूर्वपरीक्षेला येतंच.

डोंगरपट्टा:
परीक्षा नाही बाबा इथं. राज्य मानवी हक्क आयोगाकडंच तक्रार टाकली तर? फी नसते म्हणतात.

कलम_सहा:
फी नाही, वकील लागत नाही. घटनेला एक वर्ष व्हायच्या आत तक्रार हवी. पण लोकसेवकानं हक्क डावलला किंवा डावलू दिला, हे त्यात दिसलं पाहिजे. ऊसतोडीच्या मुकादमानं उचलीपायी (आगाऊ दिलेल्या पैशापायी) कुणाला अडकवून ठेवलं तर निव्वळ मुकादमाविरुद्धची तक्रार तिथं टिकणार नाही. ते १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात बसतं, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं. तिथं लेखी देऊनही कुणी हललं नाही, तर मग आयोग. म्हणजे आधी पोच जमवा.

मांजराकाठ:
दादा, पोरांची वयं सांगितलीच नाहीत तुम्ही. आणि सही कुणाची होती?

डोंगरपट्टा:
१५ ते २३. सही एका १६ वर्षांच्या पोरीची. हुशार आहे, तिनंच लिहिला.

मांजराकाठ:
लिहू द्या, सही नको. कायद्यात वयाची अट नाही, पण अर्जावरचं नाव संध्याकाळपर्यंत गावात पोचतं आणि मग घरचे त्या पोरीला घरातच बसवतात. सही १८ वरच्यांनी करायची, दर अर्जाला वेगळ्या माणसानं. कारण द्यावं लागत नाही, संपर्कापुरता पत्ता पुरतो, कलम ६(२). दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तर दाखला जोडा, फी लागत नाही.

तेच बालविवाहाचं. पोरांना मांडवात पाठवू नका. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, अंगणवाडी सेविका त्याची सहायक. १०९८ ला (मुलांची हेल्पलाइन) फोन करताना तारीख, ठिकाण, पोरीची शाळा आणि इयत्ता सांगा. वय शाळेच्या रजिस्टरवरून लगेच निघतं. हळदीच्या आदल्या दिवशी कळवलं तर मनाई हुकूम आणायला वेळच राहत नाही. पोरांचं काम एवढंच की बातमी लवकर काढायची.

तिफण:
महिना अजून कळला नाही.

डोंगरपट्टा:
दिवाळी झाल्यावर.

तिफण:
मग २२ पैकी आज गावात किती?

डोंगरपट्टा:
९. बाकी कोयत्यावर, ऊसतोडीला गेले.

तिफण:
मग अभ्यासक्रमाचं काय घेऊन बसलात? महिना चुकला. लोक गाव सोडायच्या आधी लेकरांचं सर्वेक्षण व्हायला हवं. पोरं जून ते सप्टेंबर गावात असतात, तेव्हा शिकवा. जुलैत त्यांच्याकडून घरोघरी यादी करून घ्या: कोण जाणार, कोणत्या कारखान्याला, किती लेकरं, कोणती इयत्ता. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती वाचा आणि ठराव मांडा. गणपूर्ती, म्हणजे लागणारी किमान हजेरी, १०० किंवा १५ टक्के मतदार, यातली कमी असेल ती. १८ खालची पोरं ग्रामसभेचे सदस्य नाहीत, त्यांनी बालसभेत मांडावं. ठराव क्रमांक घेऊन शाळा व्यवस्थापन समितीकडून वसतिगृहाचा प्रस्ताव पुढं. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विचारायचं, कुठं अडलं. जी लेकरं आईबापासोबत जाणारच, त्यांचं शिक्षण हमी कार्ड मुख्याध्यापकाकडून निघण्याआधी घ्या.

भारूडप्रेमी:
यादी वाचण्याआधी दहा मिनिटं भारूड ठेवा, गणपूर्तीची चिंताच नाही.

कलम_सहा:
हे मात्र पटलं.

डोंगरपट्टा:
बरं. जूनचं धरतो. तोवर या ९ जणांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं चार ओळींचा अर्ज आणि तहसीलचं अपील, दोन्ही करतो. पण आमच्याकडं पोच देईनात. ‘ठेवून जा’ म्हणतात.

मांजराकाठ:
दोन प्रती न्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही पाहिजेत. नुसता शिक्का मारला तर क्रमांक पेननं लिहून मागा. नाहीच दिलं तर तिथंच वाद न घालता स्पीड पोस्ट करा आणि पावती झेरॉक्सला टाचून ठेवा. ती शाई चार महिन्यांत उडते, म्हणून पावतीचाही फोटो काढा.