पुल्ड पोर्क सँडविच: तुमच्याकडच्या बार्बेक्यूवाल्याचं कसं असतं? लिहा

पुल्ड पोर्क म्हणजे धुरावर हळूहळू शिजवून धागे काढलेलं डुकराचं मटण, बनमध्ये घालून देतात ते. अमेरिकेत राहणारे, राहून परत गेलेले, पोर्क खाणारे, सगळ्यांनी लिहा. हॉटेल आवडलं असेल तर नाव द्या, नसेल आवडलं तर नुसता अनुभव सांगा.

सुरुवात मीच करतो. कोलंबिया, साउथ कॅरोलायना. आमच्याकडे सॉस पिवळाधमक, मोहरीचा. जुन्या काळी जर्मन लोक इथे येऊन वसले त्यांच्यामुळे आला म्हणतात. ऑफिसजवळच्या दुकानात पहिल्यांदा बघितला तेव्हा हॉटडॉगवरचं मस्टर्डच ओतलंय की काय वाटलं, पण त्यात व्हिनेगर असतं, किंचित गोडवा असतो, मिरपूड असते आणि चरबीवाल्या मटणावर ते असलं बसतं ना! बन अगदी साधा, मऊ, चिमटीत धरला तरी दबणारा. खरी मजा मटणाच्या बाहेरच्या काळ्या कडक थराची, त्याला इथे बार्क म्हणतात. घासात त्याचा तुकडा आला की मीठ, धूर, मसाला सगळं एकदम लागतं.

ग्रीनव्हिल, नॉर्थ कॅरोलायना

मोहरी? छे! आमच्या पूर्वेकडच्या भागात अख्खं डुक्कर भाजतात आणि सॉस म्हणजे पाण्यासारखं पातळ व्हिनेगर, त्यात लाल मिरचीचा चुरा, संपलं. टोमॅटोचं नाव काढायचं नाही. इथून जवळ एडनला स्कायलाइट इन आहे, १९४७ पासूनचं, छपरावर चक्क घुमट बांधलाय. आत गेलात की आधी ठकठक ऐकू येतं, दोन्ही हातात सुरे घेऊन माणूस लाकडी ठोकळ्यावर मटण बारीक करत असतो आणि त्यातच कुरकुरीत कातडी चिरून टाकतो. म्हणजे हे पुल्ड नाहीच खरं तर, चॉप्ड आहे. पण एकदा ती कातडी दाताखाली आली की धागे काढलेलं मटण जरा मिळमिळीतच लागतं, माझं मत.

विन्स्टन-सेलम

पूर्ववाल्यांनी इतकं ताणू नये :) आमच्या लेक्सिंग्टनकडे अख्खं डुक्कर नाही, फक्त खांदा, हिकरीच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर. व्हिनेगरमध्ये थोडा केचप घालतात, त्याला डिप म्हणतात, आणि कोबीचं स्लॉसुद्धा (कोशिंबिरीसारखं) त्याच डिपमध्ये कालवलेलं, लालसर, मेयो नाही. हे स्लॉ सँडविचच्या आतच घालून देतात. माहीतगार लोक काउंटरवर ‘आउटसाइड ब्राउन’ मागतात, म्हणजे बाहेरचा खरपूस भाग जास्त घाला. मागितला तर देतात, नाही मागितला तर कोणी आपणहून विचारत नाही. ऑक्टोबरात तिथे बार्बेक्यू फेस्टिव्हल असतो, गर्दीची तयारी ठेवून जा.

म्हापसा, सध्या शार्लट

मी गोव्याची, मला या व्हिनेगरवाल्या प्रकाराचं कोणी कौतुक समजावून सांगायची गरजच नाही. आमच्याकडे सोरपोतेल काय, विंदालू काय, डुकराला व्हिनेगर हवंच. फक्त आमचं माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, त्याला वास वेगळा. इथलं पहिलं सँडविच खाल्लं आणि चोरीस पावाचीच (गोव्याचं पोर्क सॉसेज घातलेला पाव) आठवण आली, ती धुराची चव आणि आंबटपणा, पण तिखट कमी हो, फारच कमी. आता पर्समध्ये मिरची पावडरची पुडी असते, नवरा लाजतो, मी नाही.

ऑस्टिन

आम्ही बीफ खात नाही. टेक्सासात म्हणजे सगळी रांग ब्रिस्केटसाठी, म्हणजे बीफच्या छातीच्या तुकड्यासाठी, आणि आपण एकटे पोर्क मागणारे, काउंटरवरचा माणूस दोनदा विचारतो, नक्की ना? चव चांगली असते, ओकच्या लाकडाचा धूर, पण यांचा जीव ब्रिस्केटमध्ये आहे हे कळतं. एक सांगते, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी पाट आणि सुरी एकच असते. सॉसेजमध्येही बीफ असू शकतं.

न्यू जर्सी

आमचा अनुभव वाईट. नाव घेत नाही. बाहेर डुकराचा मोठा बोर्ड, आत धुराचा वासच नाही, तिथेच शंका यायला हवी ना कोणालाही. मटण स्लो कुकरमध्ये शिजवून गोड सॉसमध्ये बुडवलेलं, चव फक्त साखरेची आणि बाटलीत मिळणाऱ्या धुराच्या अर्काची, बन खालून ओला होऊन हातात आला. सॉस वेगळा द्या म्हटलं तर म्हणे आधीच मिक्स आहे. जिथे असं उत्तर मिळेल तिथून उठा.

अटलांटा

आईबाबा आले होते तेव्हाची गोष्ट. आईने सँडविच उघडलं आणि म्हणाली, अगं हे आतून गुलाबी आहे, कच्चं आहे, परत दे. कच्चं नसतं ते. लाकडाच्या धुरातले वायू मटणातल्या रंगद्रव्याला धरतात म्हणून कडेला गुलाबी पट्टा येतो, स्मोक रिंग. आईला पटलं नाही. बाबांनी दोघांचं खाल्लं.

कॅन्सस सिटी

घरी करणाऱ्यांसाठी लिहितो. खांद्याचा तुकडा घ्या, दुकानात बॉस्टन बट नावाने मिळतो. २२५ ते २५० फॅरनहाइटवर ठेवा. आतलं तापमान १६०च्या आसपास आलं की तासन्‌तास काटा हलत नाही, कारण मटणातलं पाणी वाफ होऊन त्याला गार करत राहतं. तेव्हा जाळ वाढवू नका. घाई असेल तर फॉइलमध्ये गुंडाळा, बार्क थोडा मऊ पडेल. २००च्या आसपास हाड ओढल्यावर सहज निघून आलं पाहिजे. मग तासभर तसंच झाकून ठेवा, लगेच धागे काढलेत तर रस सगळा पाटावर.

रॅली

नवरा खातो, मी शाकाहारी, माझं काय?

ग्रीनव्हिल

ताई, बीन्स आणि पालेभाजी शाकाहारी समजून घेऊ नका, दोन्हीत बहुतेक ठिकाणी पोर्क असतं. हशपपीज (मक्याच्या पिठाची तळलेली भजी) कशात तळतात तेही विचारा, कधीकधी चरबीत तळलेल्या असतात. अंडं चालत असेल तर मॅक अँड चीज, पांढरं मेयोवालं स्लॉ आणि बनाना पुडिंग घ्या. पुडिंग आधीच मागून ठेवा, दुपारी संपतं.