अनुभव धागा: कुत्र्याच्या रक्तातले खेळ

जळगाव

आमची डॅशहुंड चार वर्षांची. भाड्याच्या घरात असताना तिने घरमालकांच्या तुळशीवृंदावनाजवळची माती तीनदा उकरली आणि तिन्ही वेळा मी तिला साखळीला बांधलं. पुढे वाचनात आलं की 'डाख्स' म्हणजे जर्मनमध्ये बॅजर, बिळात राहणारा प्राणी, आणि त्याच्या बिळात घुसून त्याला अडवून धरायला ही जात घडवली गेली. आखूड पाय, लांब अंग, जमिनीखालूनही वर ऐकू यावा असा दणकट आवाज. ज्या कामासाठी ती जन्माला आली त्याचीच मी तिला शिक्षा देत होते. फार वाईट वाटलं.

अशा कुत्र्यांसाठी अमेरिकेत 2013 पासून 'बार्न हंट' नावाचा खेळ चालतो. गवताच्या गठ्ठ्यांमध्ये भोकं पाडलेल्या बंद नळ्या लपवतात. काहींत उंदीर, काहींत फक्त उंदराच्या अंथरुणाचा भुसा, काही रिकाम्या. उंदीर असलेली नळी कुत्र्याने हुडकून दाखवायची. उंदराला दात लागत नाही.

जिवंत उंदीर ठेवायला माझं मन धजलं नाही. असोद्याला मामांच्या खळ्यात तीन इंची पाइपाचे तीन तुकडे केले, ड्रिलने भोकं पाडली आणि एकात उंदरांनी कुरतडलेल्या बारदानाचा तुकडा कोंबून दोन्ही तोंडं बंद केली. कुत्रीला आत न्यायच्या आधी मामांना विचारलं, "मामा, इथे उंदराचं औषध टाकलंय का?" टाकलं होतं, पंधरा दिवसांपूर्वी, झिंक फॉस्फाइड, कणकेच्या गोळ्यांतून. त्या कोपऱ्याच्या जवळपासही आम्ही गेलो नाही. बाहेर भुशाच्या गोण्या रचून नवीन जागा केली. हा प्रश्न सगळ्यांनी आधी विचारा, हात जोडून सांगते. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, माणसालाही होतो. तेव्हा कुत्र्याची लस वेळेवर झालेली हवी आणि आपण हात साबणाने धुवायचे.

पहिले पाच मिनिटं ती मामांच्या चपला हुंगत फिरली. मग दुसऱ्या रांगेत थबकली. शेपूट ताठ, पुढचा एक पाय हवेत. मी गुडघ्यावर बसून जवळून पाहिलं. कुत्रं श्वास सोडतं तो नाकपुडीच्या बाजूच्या चिरांतून, त्यामुळे तिच्या नाकाच्या दोन्ही अंगांना भुशाची बारीक धूळ उडत होती आणि मधली जागा तशीच होती. फूं फूं, फूं फूं. मग पंजाने गोणी ओढायला लागली. मी "शाब्बास गं!" म्हणून ओरडले तेव्हा माझा गळा दाटून आला होता. त्या रात्री ती अशी झोपली की कुकरची शिट्टी झाली तरी हलली नाही. आता रविवारचा हा खेळ ठरलेला आहे, आणि तुळशीजवळची माती शाबूत आहे.

तुमच्या कुत्र्यांना त्यांच्या जातीचं, स्वभावाचं काम खेळ म्हणून देऊन पाहिलंय का? फसलं असेल तरी लिहा.

साक्री

आमचा जर्मन शेफर्ड मोटारसायकलीमागे धावायचा. एकदा गावातल्या एका दादांची गाडी पडता पडता वाचली, तेव्हा काहीतरी करणं भागच होतं. मेंढपाळ कुत्र्यांच्या चाचण्या ब्रिटनमध्ये खूप जुन्या, वेल्समधल्या बाला गावी 1873 साली शर्यत झाली होती. आमच्याकडे तसं मैदान नाही, पण ठेलारी मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तळ, आहेत. बाजरी निघाली की दरवर्षी आमच्या रानात मेंढ्या बसतात, लेंडीखतासाठी. त्या वाड्याच्या आबांना वडिलांनीच शब्द टाकला.

आबांनी कुत्र्याकडे बघितलं, मेंढ्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मोकया सोडू नको भाऊ. गाभन्या शेतीस." गाभण मेंढी पळवली तर गाभ टाकते, आणि ती मेंढी म्हणजे त्या घराचं वर्षभराचं मीठमिरची. आमच्या हौसेपायी त्यांचं नुकसान होणार असेल तर तो खेळ नव्हे. त्यांनी सहा नर वेगळे काढून दिले, जाळीच्या वाघुरात. कुत्र्याला तीस फुटी दोर बांधला, दोर माझ्या हातात, आबा काठी घेऊन मध्ये.

पहिल्यांदा तो सरळ घुसला. आबांनी काठी आडवी धरली, मारली नाही, नुसती धरली. तिसऱ्या वेळी तो काठीला वळसा घालून गेला आणि मेंढ्यांच्या कडेकडेने दुडक्या चालीत येरझारा घालायला लागला. या जातीचं मूळ काम हेच, पिकाच्या आणि कळपाच्या मधल्या हद्दीवर चालत राहायचं. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. आबा म्हणाले, "याले पयू नको देऊ, चालू दे." दहा मिनिटांनी त्याने एका मेंढ्याची लोकर तोंडात धरली. आबांनी लगेच थांबवलं, "आते बस." मला अजून करायचं होतं. पण त्यांचं ऐकलं ते बरं झालं, कारण तोंड लावायची सवय एकदा लागली की सुटत नाही.

चाळीसगाव

आमच्याकडे कारवान हाउंडचं क्रॉस आहे, मादी. आजोबांच्या काळात अशी कुत्री सशामागे सोडत. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ससा मारणं गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पण या कुत्र्यांचे डोळे अजून बांधावरचं हलणारं पान टिपतात. तिला साखळीला बांधलेली पाहून मला रोज अपराधी वाटायचं.

परदेशात दोरीला पांढरी प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती पुलीवरून जमिनीलगत पळवतात, त्यामागे कुत्रं धावतं. अमेरिकेत 2016 पासून 100 यार्डांची, म्हणजे साधारण 91 मीटरची सरळ धावही घेतात, प्रत्येक कुत्रं एकटं धावतं. मोटर आणायला पैसे नव्हते. घरातली जुनी सायकल उलटी उभी केली, मागच्या चाकाचा टायर-ट्यूब काढला आणि उघड्या रिमवर नायलॉनची दोरी गुंडाळली. पेडलचा एक फेरा म्हणजे साडेचार मीटर दोरी. धाकटा भाऊ हाताने पेडल मारतो, घामाघूम होतो, पण पिशवी अशी सुटते की बघत राहावं.

पहिली जागा चुकली. दादर ज्वारी काढलेलं रान निवडलं आणि धसकटांनी तिचा पुढचा पंजा फाटला. दोन आठवडे हळद आणि पट्टी. आता शाळेमागचं मोकळं मैदान, तेही आधी अनवाणी चालून बघतो, काच आणि सराटे वेचतो. दोरी ताणलेली असताना कुणी मध्ये जायचं नाही, पोटरी भाजल्यासारखी कापते. पहिल्या दिवशी तिला सोडलं तेव्हा तिचे चारही पाय पोटाखाली एकत्र आले आणि मग ती लांब झाली. पाठ कमानीसारखी वाकते आणि सुटते. आजोबा खाटेवर बसून बघत होते. इतकंच म्हणाले, "अजून एक डाव होऊ दे."

मी दिला नाही. दिवसाला दोनच धावा, जीभ बाहेर आली की बंद.

भुसावळ

रेल्वेतून निवृत्त झालो. आमची पॉमेरियन नऊ वर्षांची, गुडघे दुखतात. मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा तिला बाहेर कुठे नेणार? आम्ही घरातच वास शोधायचा खेळ लावला. परदेशातल्या वासाच्या स्पर्धांत लवंगेच्या तेलाचा वास वापरतात, ते आपल्या घरात असतंच. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, बोळा भोकं पाडलेल्या छोट्या डबीत, डबी पुठ्ठ्याच्या चार खोक्यांपैकी एकात. बरोबर खोक्यापाशी नाक थांबलं की तिथेच पनीरचा तुकडा. नंतर देऊन उपयोग नाही, तिथेच आणि त्याच क्षणी.

माणसाच्या नाकात वास ओळखणारे साठ लाखांच्या आसपास ग्राही असतात, कुत्र्याच्या नाकात तीस कोटींपर्यंत म्हणतात. म्हातारपणी डोळे गेले, पाय गेले, तरी हे शिल्लक राहतं. संध्याकाळी मी खोकी काढली की ती आपणहून उठून येते. आमच्या हिनेही आता त्यात भाग घेतला आहे, डबी लपवायचं काम तिचं.

शहादा

आमच्या लॅब्राडॉरला पाण्याची भीती वाटते. त्याला प्रकाशा गावी तापीवर तीनदा नेलं. काठावर बसतो, पाण्याकडे बघतो, पुढचे पंजे ओले करतो आणि परत येतो. लोक म्हणाले ढकलून द्या. नाही दिलं. लॅब म्हणजे पोहणारच असं धरून चाललो होतो, ते चुकलं. टाकलेली वस्तू तोंडात अलगद धरून आणणं मात्र त्याला मनापासून आवडतं, एकदा पिकलेलं पपईचं फळ दाताचा ओरखडा न लागता आणलं. आता रानात हाच खेळ.

धुळे

मी जनावरांचा डॉक्टर आहे, थोडक्यात लिहितो. असले खेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळी. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून थंड होतं. हिरड्या लालभडक झाल्या, लाळ घट्ट झाली, चाल अडखळली तर ताबडतोब सावली, पोटावर आणि जांघेत साधं पाणी, पंखा, आणि गाडी काढा. पगसारख्या बसक्या नाकाच्यांना पळवू नका. वर्षाच्या आतल्या पिल्लांना वेगाच्या धावा नकोत, हाडांची टोकं कच्ची असतात. खेळ संपल्यावर बोटांच्या बेचक्यात आणि कानात कुसळ बघा. गेल्या हिवाळ्यात एका कुत्र्याच्या कानातून मी दीड इंचाचं कुसळ काढलं, ते दहा दिवस मान वाकडी करून फिरत होतं आणि घरच्यांना वाटलं हट्टीपणा करतंय.

साक्री

पुन्हा मीच. आबांचा वाडा काल आमच्याकडे परत आला. मी मुद्दाम कुत्र्याला घरी ठेवून एकटा गेलो होतो, म्हटलं गेल्या वेळी त्यांना त्रास झाला असेल. चहा झाला, पावसाची बोलणी झाली. मग आबांनी इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "तो कोठे शे?"

आज सकाळी साडेसहाला त्याला घेऊन गेलो. दोर अजून हातातच आहे.